मुखपृष्ठावरची आजी

इतिहासाच्या आमच्या त्रैमासिकाचा रखडलेला अंक अखेर छापून आला. मुखपृष्ठावर मिरकरवाड्यातल्या मासळीवाल्यांचा जुना फोटो होता. सगळ्या हाताची घडी घालून, ओठ मिटून बसलेल्या.

मधल्या बाईची नात हौसाबाई मुद्दाम रत्नागिरीच्या कचेरीत आली होती. रिवाजाप्रमाणे मी पहिल्या प्रतीवर पेढा ठेवला, तशी ती हसून म्हणाली, "खा गो आजे, छापून आलीस!"

टाळ्या वाजल्या. बघतो तर पेढा नाही.

"कोणी ढापला?" मी हसत विचारलं.

उपसंपादक ज्ञानेश्वरीने गठ्ठ्यातली दुसरी प्रत काढली, मग तिसरी. प्रत्येकीवर आजीचा एक गाल फुगलेला होता.

"अगो, बाकीच्यांना पण द्या!" हौसाबाई खुशीत ओरडली.

फोटोतल्या सगळ्या बायांनी आमच्यापुढे हात पसरले होते.