उत्तराचा रकाना

"हे चाळीस बाथरूमचं घर कोणाचं हो?" मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

घरांच्या किमतींचा तो प्रोजेक्ट तिने शंभरदा घोकला होता, पण ही चाळीस बाथरूम तिला कधी दिसलीच नव्हती. डेटा अ‍ॅनालिसिसच्या क्लासच्या सरांनी फाईल दिली, सर म्हणाले ते बटण तिने दाबलं, रंगीत आलेख आले आणि पाठोपाठ प्रमाणपत्रही आलं. सरांच्याच हातून चाराचे चाळीस झाले असतील, हे कोणाच्या मनात येणार?

"टायपिंगची चूक असेल, सर."

"असेल ना. पण सकाळपासून मी हे घर पाचव्यांदा बघतोय." साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, कंटाळला होता. "बाहेर बसलेत त्यांच्याकडेही हेच निघणार. सगळे एकाच क्लासचे! मेंढरं परवडली, ती निदान चुका पाठ करत नाहीत. ठीक आहे, कळवू तुम्हाला."

'कळवू' ऐकलं आणि तिचा धीरच सुटला. दादाने सकाळी स्वच्छ सांगितलं होतं, आजचं हे शेवटचं. सोमवारपासून कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायचं, मी बोलून ठेवलंय. छत्तिसाव्या वर्षी, दोन वर्षं भावाच्या घरात राहून, ती कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होती?

"सर, थांबा ना! माझं स्वतःचं एक काम आहे. देवाशपथ, क्लासचं नाही."

तिने दुसरी फाईल उघडली. दोन वर्षांत पाठवलेले नोकरीचे अर्ज, एकशे त्रेचाळीस ओळी. कंपनी, जागा, तारीख, वार, वेळ, पत्र लांब की आखूड, फोटो लावला की नाही. तारखा सगळ्या एका पद्धतीत, कंपन्यांची नावं एकसारखी, कुठे तिळाएवढी चूक नाही. साहेब पहिल्यांदाच नीट पुढे सरकून बसले.

"अहो, हे दाखवायचं ना आधी! हे खरं काम आहे. मग निघालं काय यातून? सोमवारच्या अर्जांना जास्त उत्तरं येतात? फोटोने फरक पडतो?"

"सांगता येत नाही, सर."

"का?"

तिने शेवटचा रकाना दाखवला. वर लिहिलं होतं, उत्तर. खाली सगळा कोरा.

"नकारसुद्धा नाही?"

"नाही ना. नकार आले असते तरी काहीतरी काढता आलं असतं. म्हणून तर आज थेट मुलाखतीला येऊन बसले."

ओळी खाली सरकवता सरकवता साहेबांना आपल्याच कंपनीचं नाव दिसलं. मग पुन्हा दिसलं. एकूण चारदा, आणि चौथा अर्ज तर याच जागेसाठीचा.

"बाई, खरं सांगू? तुमचं काम चांगलं आहे. पण या जागेला पंचविशीच्या आतलं माणूस घ्या, असं वरूनच आलंय. मी तरी काय करणार? नाही जमायचं."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

"मग तसं लिहा, सर." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

साहेब घुटमळले. मग चौथ्या अर्जासमोर त्यांनी दोन बोटांनी टाईप केलं, 'नाही', आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला घंटीकडे हात नेला.

तिने लॅपटॉप काही उचलला नाही.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या कंपनीच्या वरच्या तीन ओळी राहिल्या."