आधी झेंडा कोण पाडणार?

२०१० सालची गोष्ट. लग्न कराडला की मिरजेला, यावरून दोन विहिणींनी इतकं ताणलं, की ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली. मुलांनी दोघींना पुण्यातल्या एका बार्बेक्यू हॉटेलात नेऊन समोरासमोर बसवलं आणि स्वतः लांबचं टेबल गाठलं.

टेबलातच निखाऱ्यांची शेगडी, शेजारी एवढासा उभा झेंडा. वेटर कबाबांच्या सळया आणतच राहिला. मुलीच्या आईला, कराडच्या शशिकलाबाईंना वाटलं, विहीणबाई तोरा दाखवायला मागवताहेत. पानात टाकायची सवय नव्हती, म्हणून त्या खात राहिल्या. समोरचीही खात राहिली. सहाव्या फेरीला शशिकलाबाईंचा धीर सुटला.

“किती मागवाल हो, विहीणबाई?”

“मी? अहो, मला वाटलं तुमचाच आग्रह चाललाय!”

वेटर हसला. “काकू, झेंडा उभा आहे तोवर आम्ही आणणारच. पुरे झालं की आडवा करायचा.”

“करा की आडवा,” शशिकलाबाई म्हणाल्या.

“मी नाही करायची. तुम्ही करा.”

वेटरने आणखी दोन सळया लावल्या. तशा विहीणबाई पोट धरून हसू लागल्या आणि शशिकलाबाईंनाही हसू आवरेना. शेवटी त्यांनीच झेंडा पाडला. “घ्या, लग्नही मिरजेलाच!”

लग्न थाटात झालं. लेक-जावयाच्या मागोमाग दोघी विहिणीही पुण्यात राहायला आल्या; पुढे लेक-जावई नोकरीसाठी बंगळुरूला गेले. विहिणी मात्र अजून पुण्यातच, एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात आणि पेपर आधी कुणी वाचायचा यावरून रोज भांडतात. एखाद्या सकाळी भांडण झालं नाही, तर शशिकलाबाई थर्मामीटर घेऊन समोरचं दार वाजवतात.