चमच्याची जाड मूठ

लोक नेटवरून डिझाइन आणायचे आणि तो आपल्या छोट्या दुकानात थ्रीडी प्रिंटरवर ती वस्तू बनवून द्यायचा. थरथरत्या हातांसाठी केलेल्या चमच्याच्या जाड मुठीला सर्वांत जास्त मागणी होती. पण त्या डिझाइनखाली स्पष्ट लिहिलं होतं, ‘फुकट घ्या, धंदा करू नका.’ तो फक्त बनवण्याचे पैसे घेई, तरी मनात पाल चुकचुकतच असे.

म्हणून एका वृद्ध गृहस्थांनी मुठीचं चित्र पुढे करून “किती जण नेतात हो ही?” असं विचारलं, तेव्हा त्याने ताडलं, स्वारी चौकशीला आलीय. पायाशी असलेली मुठींची टोपली त्याने हळूच काउंटरखाली सरकवली.

“छे हो काका, आजवर कुणी विचारलीसुद्धा नाही.”

“एकानेही नाही?”

“गळ्याशपथ!”

गृहस्थांनी चित्राची घडी घातली. “बायकोच्या हातासाठी केली होती मी. ती गेली. वाटलं, आणखी कुणाचा तरी घास तोंडापर्यंत जाईल. असो. आजच काढून टाकतो नेटवरून.”

ते दाराशी पोचले, तोच मागे टोपली काउंटरवर आदळली.

“काका, खोटं बोललो! पैसे घेतो मी, खुशाल तक्रार करा. पण ती काढू नका!”