ओली कॉलर

दहिवलीच्या गौराबाईनं बाजारात जुने कपडे विकणाऱ्या जुबेदाच्या ढिगातून गोधडीसाठी एक सदरा उचलला. घरी आणून धुतला, वाळवला. संध्याकाळी घडी घालायला घेतला, तर कॉलर घामानं चिंब.

तिनं नवऱ्याला हटकलं, "तुमी घातलावता का?"

"माजा दंड तरी मावल का त्यात?" नागू हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो पुन्हा धुऊन, वाळवून ट्रंकेत कोंडला. किल्ली कनवटीला लावली. संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत कॉलर ओली आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

सदऱ्याचे तुकडे करून तिनं ते गोधडीत शिवले, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

सकाळी गोधडीत गुरफटलेल्या लेकीला तिनं हाक मारली, "मैने, ऊठ गं!"

मैनेनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, आये. लई दमलावता, आताच झोपलाय."