अनुभवी चेहरा

नाटक कंपनीला रंगभूषाकार हवा होता. मुलाखतीला आलेल्या म्हातारबाईंना पाहून मालक लगबगीनं उठले.

"या आजी, सावकाश बसा. तुमचा हात मुरलेला असणार, यात शंकाच नाही. पण या वयात तासन्‌तास उभं राहणं झेपायचं नाही हो तुम्हाला."

आजींनी खुर्चीतून टुणकन उडी मारली.

"झेपेल की! गेल्या महिन्यात तुम्हीच मला बघून म्हणालात, 'कालची पोर ही, हिला काय येणार?'"

आणि गालांवरच्या सुरकुत्या ती टराटरा सोलू लागली.

मालक पोट धरधरून हसले.

"उद्यापासून ये, पोरी. आणि सगळ्यांत आधी मलाच आरशापुढे बसव. साठी उलटली, तरी कॉलेजातला नायक अजून मीच करतो!"