विझलेली ज्योत

गॅसचा वास आम्रपालीला दारातच आला. भट्टीची ज्योत वाऱ्याने विझली होती, पण सिलेंडर चालूच होता. बर्नर सूं सूं करत होता. आणि त्याच्यापुढे उकिडवी बसलेली सूजिन लायटर पेटवायच्या बेतात होती.

काय ओरडायचं, ते आम्रपालीला इंग्रजीत सुचेना.

"अगं ए, थांब! पेटवू नकोस!"

सूजिनने वळून पाहिलं. ती हसली, मान डोलावली आणि लायटरवर अंगठा ठेवला.

आम्रपाली धावली ती थेट तिच्या अंगावर. दोघी मातीच्या पोत्यांवर आदळल्या, लायटर कुठेतरी घरंगळला. आम्रपालीने धडपडत उठून सिलेंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि सूजिनला ओढतच अंगणात आणलं. मग ती स्वतःही तिथेच खाली बसली.

सूजिन कोरियाची. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या या स्टुडिओत ती भांडी घडवायला आली होती. त्या बदल्यात दिवाळीनंतर आम्रपालीने तिच्या गावी जाऊन काम करायचं, असं ठरलं होतं. येरवड्याच्या आपल्या घरातून विमानात बसणारी आम्रपाली पहिलीच. आपलं मोडकं इंग्रजी उघडं पडलं तर जाणं रद्द होईल, या धास्तीने तिला आताशा अन्न गोड लागत नव्हतं. सकाळी भट्टी पेटवल्यावर तिने सूजिनला अडखळत सांगितलं होतं, की ज्योत विझली तर आधी गॅस बंद करायचा आणि बराच वेळ हवा खेळू द्यायची. सूजिन "येस, येस" म्हणाली होती. आम्रपाली सुटकेचा निःश्वास टाकून लगेच तिथून निघाली होती.

फाटकातून स्टुडिओचे मालक इंद्रजीत सर आले. आल्या आल्या त्यांनी नाक आक्रसलं.

"काय, आज भांड्यांबरोबर स्टुडिओही भाजून काढायचा होता का?" मग दोघींचे चेहरे पाहून त्यांचाही आवाज उतरला. "आम्रपाली, तिला नीट सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं, सर."

सर सूजिनकडे वळले आणि सफाईदार इंग्रजीत त्यांनी विचारलं, गॅस बंद न करता पेटवायला का गेलीस? आम्रपालीला वाटलं, आता ही म्हणणार, मला कोणी काही सांगितलंच नाही.

"येस," सूजिन म्हणाली.

सरांनी तोच प्रश्न सावकाश विचारला.

"येस, येस." ती मान डोलावत राहिली.

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग ते सिलेंडर तपासायला आत गेले.

सूजिनने आम्रपालीचा दंड घट्ट पकडला. "सॉरी," ती कुजबुजली. "नो इंग्लिश. सर... सेंड मी होम?"

त्या डोळ्यांतली भीती आम्रपालीच्या ओळखीची होती. ती उठली.

"सर," तिने दारातून हाक मारली, "तिला परत पाठवू नका. तिला कळलं नाही, हे मला सकाळीच कळलं होतं."