छपरावरचा दात

“दात स्वच्छ! दोन मिनिटं घासले. शाब्बास!” मोबाईलवरचा निरोप वाचून केतकी चक्रावली. हे निरोप पाठवणारा सेन्सरचा इवलासा पांढरा ठिपका डॉक्टरांनी रेवाच्या खालच्या दातावर बसवला होता, आणि तो दात तर रविवारीच पडला. सासूबाईंच्या सांगण्यावरून रेवाने तो सगळ्यांसमोर छपरावर भिरकावलासुद्धा. मग तीन दिवस छपरावरचा दात घासतंय तरी कोण?

ती बाथरूमकडे धावली. रेवा स्टुलावर उभी राहून बशीतला दात ब्रशने मन लावून घासत होती.

“अगं, हा छपरावर टाकलास ना?”

“तो खडा होता. आजीला सांगू नकोस हं, आई.”

“पण पडलेला दात कशाला घासतेस?”

“नाही घासला तर तो तुझ्याकडे चुगली करतो. मग तू ओरडतेस.”

“आणि तोंडातले बाकीचे?”

“ते कुठे काय सांगतात?”

केतकीने मोबाईल बाजूला ठेवला आणि लेकीची हनुवटी उचलली. “आ कर बघू.”

कितीतरी महिन्यांनी ती स्वतः आत डोकावत होती. मागच्या दाढेवर एक ठिपका दिसला, काळा.